हाडाच्या इन्फेक्शनचा पेशंट घरी आणतोय, काळजी कशी घ्यायची? सल्ला हवाय

कोरा_कागद
मंडळी, वडिलांच्या नडगीच्या हाडात इन्फेक्शन झालंय, ऑस्टिओमायलायटिस. जुन्या फ्रॅक्चरची प्लेट आत होती, ती काढली, हाडाचा मेलेला भाग खरवडून काढला आणि आता दंडात पिक लाईन (शिरेतून औषध द्यायची लांब नळी) घालून घरी सोडणारेत. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, पायावर ड्रेसिंग, त्या पायावर भार अजिबात द्यायचा नाही. शुगर पण आहे त्यांना. नर्स येऊन औषध चढवून जाणार पण बाकी पूर्ण वेळ मी आणि आई. नर्स निवडताना काय बघायचं, आम्ही स्वतः काय करायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा ना. गूगल करून करून झोप उडालीय.

निमूट
सासूबाईंचं केलंय मी हे. डिस्चार्जच्या आधी सगळं कागदावर लिहून घ्या, औषधाचं नाव, डोस, किती वेळात चढवायचं, कोर्स कुठल्या तारखेला संपतो, रक्त कधी कधी द्यायचं आणि रात्रीबेरात्री फोन कुणाला करायचा. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं. ऑपरेशनमध्ये हाडाचा तुकडा कल्चरला (जंतू ओळखायच्या तपासणीला) पाठवला असेल त्याचा रिपोर्टही मागून घ्या, पुढे दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो, जंतू कुठला निघाला.

रात्रपाळीवाली
ऑर्थोच्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी लाईन. पिक लाईनची नळी दंडातून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली असते, म्हणजे तिच्या तोंडाशी केलेला हलगर्जीपणा सरळ रक्तात जातो. नर्स ठेवताना मी एकच गोष्ट बघीन, सिरिंज जोडायच्या आधी ती काय करते. हात धुवून, ते टोक स्पिरिटच्या स्वॅबने चांगलं पंधरा सेकंद घासून, वाळू देऊन मग जोडत असेल तर बाई कामाची. नुसतं पुसल्यासारखं करून लगेच सुई-सिरिंज काढणारी असेल तर दुसरी बघा, कितीही गोड बोलत असली तरी. फ्लश (नळी साफ करायला सलाईन सोडणं) दहा मिलीच्या सिरिंजनेच, थांबत थांबत ढकलायचा, लहान सिरिंजने प्रेशर जास्त येतं आणि नळी फाटू शकते. अडकतंय असं वाटलं तर जोर लावायचा नाही, फोन करायचा. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, त्या हातातून रक्तही काढू द्यायचं नाही. वरचं पारदर्शक ड्रेसिंग आठवड्याने बदलतात, पण ओलं झालं किंवा कड सुटली तर लगेच, आठवड्याची वाट बघायची नाही. आणि नळी बाहेर किती सेंटिमीटर दिसते ते पहिल्या दिवशी लिहून ठेवा, वाढली तर ती सरकलीय.

फ्लश केल्यावर थोड्याच वेळात थंडी वाजून हुडहुडी भरली, हात सुजला, दंड किंवा मान दुखायला लागली तर सकाळची वाट बघू नका.

औषध कुठलं दिलंय? व्हॅन्कोमायसिन असेल तर निदान तासभर तरी लागलाच पाहिजे, नर्सला पुढच्या घरी जायची घाई असते आणि ती ठिबक वाढवते, मग पेशंटचा चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. शिवाय किडनी तपासायला क्रिएटिनिन आणि रक्तातली औषधाची पातळी बघावी लागते. शुगरवाल्यांच्या किडनीवर आधीच भार असतो म्हणून ही रक्तं अजिबात चुकवू नका.

कोरा_कागद
सिस्टर, खूप खूप आभार. व्हॅन्कोमायसिनच आहे. पायाचं पण सांगाल का? ड्रेसिंगला हात लावायची भीती वाटते, आणि पाय उचलताना ते जोरात ओरडतात.

रात्रपाळीवाली
ओरडणारच हो, हाडाचा ठणका वेगळाच असतो. ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखायची गोळी द्या, नंतर देऊन उपयोग नाही. पाय उचलताना एक हात गुडघ्याखाली आणि एक घोट्याखाली, दोन्हीकडून आधार देऊन सगळा पाय एकदम एका पातळीत उचलायचा, मधेच धरून किंवा बोटांना ओढून नाही. खरवडलेलं हाड कमजोर असतं, मोडू शकतं. उशी पोटरीखाली लांब ठेवा आणि टाच हवेत राहू द्या. हे सांगायचं कारण, नडगीच्या नादात टाचेकडे कुणी बघत नाही, आणि शुगरवाल्या माणसाच्या टाचेला बेडसोअर झाला की नवं दुखणं सुरू. दोन्ही टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघा. दाबल्यावरही फिकी न होणारी लाली दिसली तर तो भाग आधी मोकळा करा. पाऊल खाली लोंबकळत राहू देऊ नका, ते तसंच आखडतं.

जखमेत रोज तीन गोष्टी बघायच्या, वास, रंग, आणि ड्रेसिंग किती भिजतंय. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी रेघेबाहेर गेली का ते लगेच कळतं. रोज त्याच उजेडात फोटो काढा म्हणजे तुलना होते.

सातबारा
आमच्या ओळखीत एकांचा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला आणि जखम पण छान भरली म्हणून त्यांनी मधेच औषध थांबवलं, कशाला एवढं किडनीला त्रास. बरे आहेत ते.

रात्रपाळीवाली
सातबारा, असले सल्ले कृपया देऊ नका. वरची कातडी बंद झाली म्हणजे आतलं हाड बरं झालं असं होत नाही, हाच तर या आजाराचा डाव आहे. मेलेल्या हाडात रक्तपुरवठा नसतो, तिथे औषध पोचतच नाही, जंतू तिथे दडून बसतात आणि महिन्यांनी, कधीकधी वर्षांनी, त्याच जागी बारीक भोक पडून पू यायला लागतो. सीआरपी लवकर उतरतो, ईएसआर ही तशीच दुसरी रक्ततपासणी रेंगाळते, दोन्ही नुसते इशारे आहेत. कोर्स थांबवायचा तो डॉक्टरांनी.

अर्धवट
थोडं वेगळं विचारतो, शिरेतूनच कशाला? गोळ्यांनी होत नाही का? मी कुठेतरी वाचलं होतं.

निमूट
होतं बऱ्याच जणांचं. ब्रिटनमध्ये ओव्हिवा नावाची ट्रायल झाली, २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली, १०५४ पेशंट होते, हाडाच्या आणि सांध्याच्या इन्फेक्शनचे. पहिले सहा आठवडे निम्म्यांना गोळ्या निम्म्यांना शिरेतून, वर्षभरात उपचार फसायचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, गोळ्यांत १३.२ आणि शिरेतून १४.६ टक्के. पण गोळी जंतूला लागू पाहिजे आणि वेळेवर पोटात गेली पाहिजे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, काकांना गोळ्यांवर आणता येईल का आणि कधी. लाईन जितकी लवकर निघेल तितकं घरच्यांचं पण बरं.

रात्रपाळीवाली
+१. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांच्याही तऱ्हा आहेत. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरायचं नाही, पण ती एकटी कधीच देत नाहीत आणि बाकीच्या पुष्कळ औषधांत लुडबुड करते, त्यामुळे शुगर-बीपीच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर किंवा अँटासिडसारख्या ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर पोटातून नीट शोषलीच जात नाही, आणि टाचेच्या वरच्या जाड दोरीसारख्या स्नायूबंधात (टेंडनमध्ये) दुखायला लागलं तर लगेच कळवायचं. लिनेझोलिडला दर आठवड्याला रक्त, प्लेटलेट उतरतात. आणि यातल्या कुठल्याही अँटिबायोटिकवर दिवसातून तीनचारदा पातळ जुलाब सुरू झाले तर जुलाबाची गोळी आपल्या मनाने देऊ नका, आतड्यात वेगळा जंतू वाढलेला असू शकतो.

पाठदुखीग्रस्त
माझ्या भावाला मणक्यात झालंय असं. त्याला पण हेच सगळं लागू का?

रात्रपाळीवाली
लाईन आणि औषधाचं तेच. पण मणक्यात एक गोष्ट वेगळी, पायात जोर कमी वाटला, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळत नसताना झाली तर तडक हॉस्पिटल, एक रात्रही थांबायचं नाही. पट्टा दिला असेल तर तो लावूनच उठवा, कुशीवर वळवताना खांदा आणि कंबर एकत्रच वळली पाहिजेत.

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून कपाटाच्या दारावर लावतोय. शेवटचा एक प्रश्न, आंघोळीचं काय? आठवडाभर नुसतं पुसून घेतायत, वैतागलेत.

निमूट
आमच्याकडे दंडावर वॉटरप्रूफ कव्हर घालून, खुर्चीत बसवून, पाय बाहेर स्टुलावर ठेवून मगाने आंघोळ घालायचो. हात पाण्यात बुडवायचा नाही, आंघोळ झाल्यावर लाईनचं ड्रेसिंग कोरडं आहे का ते बघायचं. डॉक्टरांना विचारून करा, पण करा. सासूबाईंचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा माणसात आल्यासारखा वाटला.