विषय: आरोग्य मेळाव्याचं पत्रक

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.
मेळाव्यात कोविडवर अर्धा तास ठेवलाय: इंग्लंडात दक्षिण आशियाई लोकांना जास्त फटका का बसला? मथळा ‘आपली जनुकं’ असा करतोय. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एलझेडटीएफएल१ या जनुकावर बोट ठेवलं. त्याचा धोक्याचा प्रकार दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ६० टक्के लोकांत, युरोपीय वंशाच्या १५ टक्क्यांत. ठाण्याच्या डॉक्टर मावशींनी एकदा नजर टाकावी.

प्रेषक: डॉक्टर मावशी, नौपाडा

अरे, आकडा बरोबर आहे, पण मथळा बदल. जनुकं म्हटलं की लोक कपाळाला हात लावून मोकळे होतात.

पहिल्या लाटेत तिकडे कृष्णवर्णीयांचे मृत्यूही गोऱ्यांच्या मानाने खूपच जास्त होते, आणि हा प्रकार त्यांच्यात जेमतेम २ टक्क्यांत सापडतो. दुसऱ्या लाटेत त्यांची तफावत बरीच उतरली, बांगलादेशी आणि पाकिस्तानी कुटुंबांची मात्र तशीच राहिली. मधल्या काही महिन्यांत कुणाची जनुकं बदलली?

आता इकडचं बघ. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी, बाहेर १६. इथे गोरे-काळे कुठून आणायचे? फरक होता तो खोलीचा आणि सामायिक संडासाचा. तेव्हा किसननगरच्या चाळींतले पेशंट यायचे. एका खोलीत सहा माणसं, आणि मी त्यांना सांगतेय, ‘वेगळ्या खोलीत राहा.’ एक बाई शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, कुठल्या?’

प्रेषक: काका, निवृत्त बसचालक, लंडन

मावशींशी सहमत. लॉकडाऊन लागला २३ मार्चला, आमच्या बसचं पुढचं दार प्रवाशांना बंद झालं २० एप्रिलला. तोवर सगळे ड्रायव्हरच्या अंगावरूनच चढत होते. डेपोत कोण कुठल्या देशाचं होतं ते आता काय सांगू. साहेबलोक घरून काम करत होते.

प्रेषक: सचिव

काका, हे तुम्हीच पाच मिनिटं बोला. मावशी, मग जनुक काढूनच टाकू?

प्रेषक: डॉक्टर मावशी, नौपाडा

काढू नको, खाली एका ओळीत टाक. खोटं नाहीये ते.

त्या जागेवर ऑक्सिमीटर घे. तो बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजतो, आणि कातडी सावळी असली तर मेलॅनिन मध्ये येतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं: यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तातला ऑक्सिजन खरं तर ८८ च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा झालं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. आपल्याकडे तर त्या डबीवर अख्खी सोसायटी विसंबून होती. ‘९४ आहे, बरा आहे’ म्हणत माणसं घरी बसवली.

म्हणून पत्रकात ठळक लिही: बरं असतानाचा आपला आकडा माहीत हवा, तो उतरतोय का ते बघा, मोजताना नेलपॉलिश नको. आणि धाप लागत असेल तर आकडा कितीही छान असो, फोन लावा. मेळाव्याला बांगलादेशी शेजारी येणार असतील तर हा भाग बंगालीतही छापून घे. छपाईआधी मला पीडीएफ पाठव, इकडे रात्री दहानंतर मी मोकळी असते.