कॅनडाची कनोला, हुवावेची अटक आणि आपला पिवळा वाटाणा: यांचा संबंध नेमका किती?

डाळमिल_लातूर (डिसेंबर 2025)

चीनने मार्च 2025 मध्ये कॅनडाच्या वाटाण्यावर 100 टक्के जादा शुल्क लावलं. त्यावर चर्चा निघाली की कोणीतरी हमखास 2018 सालच्या, हुवावे या चिनी टेलिकॉम कंपनीच्या वित्तप्रमुख मेंग वानझोऊंच्या कॅनडातल्या अटकेपर्यंत जातं. त्या अटकेनंतर चीनने दोन कॅनेडियन पकडले आणि कॅनडाची कनोला (मोहरीच्या जातीतली तेलबी) अडवली. तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कोर्ट स्वतंत्र आहे म्हणून कॅनडा सरकारचे हात बांधलेले होते, हे खरं का? कनोलात कीड सापडली ती खरी की बहाणा, आणि डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) जाऊन काय पदरात पडलं? आणि आपल्या बाजाराशी याचं नातं किती? कोण बरोबर, कोण चूक हे नको. प्रक्रिया सांगा.

कलम_तेवीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अर्धं खरं.

कॅनडाच्या प्रत्यार्पण कायद्यात (आरोपी दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याच्या) तीन टप्पे असतात. पहिला आणि तिसरा सरकारचा, मधला कोर्टाचा. 1 डिसेंबर 2018 ला व्हँकुव्हर विमानतळावर अटक झाली ती अमेरिकेच्या विनंतीवरून काढलेल्या तात्पुरत्या वॉरंटवर. त्यानंतर अमेरिकेने 60 दिवसांत रीतसर मागणी पाठवायची असते, ती मुदत संपायच्या दोन दिवस आधी आली. पुढच्या 30 दिवसांत कॅनडाच्या न्याय खात्याने 'खटला पुढे चालवायला परवानगी' द्यायची की नाही ते ठरवायचं. ती 1 मार्च 2019 ला दिली. मग ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी, आणि कोर्टाने होकार दिला तरी शेवटी माणूस सोपवायचा की नाही हा निर्णय न्यायमंत्र्यांचाच.

कोर्ट दोषी-निर्दोष ठरवत नाही. ते मुख्यतः दोनच गोष्टी बघतं: पुरावा खटला उभा राहण्याइतका आहे का, आणि तेच कृत्य कॅनडातही गुन्हा ठरलं असतं का. बचाव पक्षाने दुसऱ्या मुद्द्यावर जोर लावला. आरोप होता की 2013 मध्ये एचएसबीसी बँकेला दिलेल्या सादरीकरणात इराणमध्ये धंदा करणाऱ्या स्कायकॉम कंपनीशी असलेलं नातं लपवलं. खटल्याला परवानगी दिली तेव्हा कॅनडात तसे इराण-निर्बंधच नव्हते, मग गुन्हा कसला? न्यायमूर्ती हेदर होम्स यांनी 27 मे 2020 ला हे फेटाळलं: गाभा निर्बंधांचा नाही, बँकेच्या फसवणुकीचा आहे.

आता हात बांधलेले होते का? कलम 23(3) नुसार मंत्री दिलेली परवानगी केव्हाही मागे घेऊ शकतो, आणि घेतली की कोर्टाला त्या व्यक्तीला सोडावंच लागतं. जून 2020 मध्ये 19 माजी मंत्री, राजदूत वगैरे मंडळींनी पत्र लिहून हेच सांगितलं. सहीवाल्यांत सुप्रीम कोर्टाच्या माजी न्यायाधीश लुईझ आर्बर होत्या. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी नकार दिला. आपली माणसं पकडून ठेवून आपला निर्णय बदलता येतो, हे एकदा दिसलं की परदेशातला प्रत्येक कॅनेडियन धोक्यात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सोडता येत होतं. सोडलं नाही, तो राजकीय निर्णय होता. 'कायद्याने शक्यच नाही' ही मांडणी चुकीची.

कॅनडाकडून चुकाही झाल्या. सीमा अधिकाऱ्यांनी अटकेआधी सुमारे तीन तास चौकशी केली, मेंग यांच्या फोनचे पासकोड एका कागदावर लिहून घेतले आणि तो कागद पोलिसांच्या हाती गेला. सीमा तपासणीत मिळालेली अशी माहिती पोलिसांना द्यायची नसते. बचाव पक्षाने त्यावर कित्येक दिवस युक्तिवाद केला. त्यात भर म्हणून अटकेला दोन आठवडेही झाले नव्हते तोच ट्रम्प म्हणाले की व्यापार करारासाठी उपयोग होत असेल तर आपण या प्रकरणात लक्ष घालू. प्रक्रियेचा गैरवापर होतोय म्हणायला वकिलांना आयतं कोलीत.

गलबत

कीड खरी की बहाणा? हा प्रश्नच जरा फसवा आहे. अशा वेळी कागद बहुतेकदा तांत्रिकदृष्ट्या धडधाकट असतो. बघायचं ते वेळ आणि व्याप्ती.

मार्च 2019 मध्ये चीनच्या सीमाशुल्क खात्याने आधी रिचर्डसन आणि मग व्हायटेरा या दोन कंपन्यांचे कनोला बियांचे निर्यात परवाने थांबवले. कारण: क्वारंटाइनची कीड. पण इतर कंपन्यांचा माल त्याच शेतांतून, त्याच एलिव्हेटरांच्या (धान्याच्या कोठारांच्या) पट्ट्यातून, त्याच बंदरांतून येत राहिला. कीड कंपनी बघून लागत नाही. शिवाय कनोला बियांची निम्म्याच्या आसपास निर्यात तेव्हा चीनला जायची, त्यामुळे दोनच परवाने थांबवूनही भाव हलला.

मात्र जुना खरा वादही होता. 2016 मध्ये चीनने मालातल्या काडीकचऱ्याची मर्यादा 2.5 वरून 1 टक्क्यावर आणायचं ठरवलं. त्यामागे ब्लॅकलेग बुरशीची काळजी सांगितली होती. मालात काडीकचरा जितका जास्त, तितकी बुरशी सोबत जायची शक्यता जास्त. म्हणजे फाईल आधीपासून टेबलावर होती, 2019 ला फक्त उघडली. जून 2019 ची डुकराच्या मांसावरची बंदी तर आणखी गुंतागुंतीची: रॅक्टोपामाइनचा (जनावरं वाढवायला खाद्यात घालतात ते औषध) अंश सापडला आणि तपासात 188 पर्यंत आरोग्य प्रमाणपत्रं बनावट निघाल्याचं चीनने सांगितलं. प्रमाणपत्रं खोटी असल्याचं कॅनडानेही मान्य केलं. मांस नोव्हेंबर 2019 ला परत सुरू झालं, कनोलाचे परवाने थेट मे 2022 ला. मेंग सप्टेंबर 2021 ला सुटल्यानंतर.

डब्ल्यूटीओ: कॅनडाने सप्टेंबर 2019 ला सल्लामसलत मागितली. 60 दिवसांत तोडगा नाही तर पॅनेल मागता येतं. समोरचा देश पहिल्या बैठकीत ते अडवू शकतो, दुसऱ्यांदा नाही. तरी पॅनेल स्थापन झालं जुलै 2021 ला. तोवर दोन हंगाम गेले आणि माल युरोपच्या बायोडिझेलकडे, इतर देशांकडे वळला. इथे कायदा कॅनडाच्या बाजूने होता, घड्याळ चीनच्या. एक बारीक मुद्दा: डिसेंबर 2019 पासून डब्ल्यूटीओचं अपील मंडळ बंद पडलंय. पण कॅनडा आणि चीन दोघेही 2020 च्या पर्यायी अपील व्यवस्थेत आहेत, म्हणून हरलेल्याला 'रिकाम्या कोर्टात अपील' करून निकाल लटकवता येत नाही. भारत त्या व्यवस्थेत नाही, हे आपल्या निर्यातदारांनी लक्षात ठेवलेलं बरं.

2024-25 ची फेरी मात्र वेगळी, तिला मेंगशी जोडू नका. कॅनडाने ऑक्टोबर 2024 मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर 100 आणि पोलाद-अ‍ॅल्युमिनियमवर 25 टक्के अधिभार लावला. चीनने 20 मार्च 2025 पासून कनोला तेल, पेंड आणि वाटाण्यावर 100, डुकराचं मांस आणि मासळीवर 25 टक्के लावले. या वेळी किडीचं नावही नाही, उघड 'भेदभावविरोधी' चौकशीचा आधार. बियांवर ऑगस्टमध्ये 75.8 टक्के अँटी-डम्पिंग (स्वस्तात माल ओतण्याविरुद्धची) अनामत आली. ती चिनी आयातदाराला भरावी लागायची. टनाला 600 डॉलर किंमत धरली तर सुमारे 455 डॉलर अडकायचे, व्हॅट वेगळा. परत मिळणार की नाही ते अंतिम निकालावर होतं. मग कोण माल उचलणार होतं?

डाळमिल_लातूर

@कलम_तेवीस, चीननेही दोन कॅनेडियन कायद्यानुसारच पकडले असं त्यांचं म्हणणं. तो कायदा कोणता?

कलम_तेवीस

चीनच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातली 'नेमलेल्या ठिकाणी निवासी देखरेख'. नावाला निवासी. सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतं, घरी नाही आणि रीतसर तुरुंगातही नाही, आणि राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण असेल तर वकिलाला भेटायला तपास यंत्रणेची परवानगी लागते. मायकेल कोव्हरिग आणि मायकेल स्पेव्हर दोघांना 10 डिसेंबर 2018 ला उचललं. रीतसर अटक मे 2019, आरोप जून 2020, बंद दाराआड खटले मार्च 2021. राजनैतिक अधिकारी कोर्टाच्या दारापर्यंत गेले, आत सोडलं नाही. स्पेव्हरना ऑगस्ट 2021 ला 11 वर्षं झाली, कोव्हरिगचा निकाल कधी जाहीरच झाला नाही.

त्याच काळात मेंग 1 कोटी कॅनेडियन डॉलरच्या जामिनावर, पायात ट्रॅकर बांधून, व्हँकुव्हरच्या स्वतःच्या घरात होत्या आणि प्रत्येक सुनावणीला पत्रकार हजर. 24 सप्टेंबर 2021 ला त्यांनी अमेरिकेशी खटला पुढे ढकलण्याचा करार केला, काही तथ्यं मान्य केली, गुन्हा कबूल केला नाही. त्याच दिवशी दोन्ही मायकेल विमानात बसले. अधिकृत कारण? प्रकृतीच्या कारणावरून जामीन.

तूरचणा

तिसरा प्रश्न राहिला. नातं आहे, पण वाटतं त्यापेक्षा सैल. चीन हा कॅनडाच्या पिवळ्या वाटाण्याचा मोठा गिऱ्हाईक. ते दार लागलं की माल भारताकडे बघतो. पण इथला दर मुख्यतः आपल्याच शुल्कावर हलतो. नोव्हेंबर 2017 ला 50 टक्के शुल्क, डिसेंबर 2019 ला किलोला 200 रुपये किमान आयात किंमत आणि फक्त कोलकाता बंदर, म्हणजे व्यवहारात बंदच. 8 डिसेंबर 2023 ला शून्य. गंमत बघा, तेव्हा भारत-कॅनडा राजनैतिक भांडण ऐन भरात होतं, तरी डाळीला कोणी हात लावला नाही. उलट दार उघडलं.

मग स्वस्त वाटाणा बेसनात आणि डाळीत मिसळायला गेला आणि हरभऱ्याबरोबर तुरीवरही दाब आला, ही लातूर-अकोल्याकडची तक्रार रास्त आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून 30 टक्के लागू झालं: 10 मूळ शुल्क, 20 कृषी उपकर. बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याचा कागद) 31 ऑक्टोबर किंवा आधीचं असेल तर माल जुन्या शून्य दराने सुटायचा. त्यामुळे त्या वेळी बंदरावर उतरणारी प्रत्येक खेप 30 टक्क्यांची नव्हती, सौद्याआधी त्या कागदावरची तारीख बघावी लागायची.