नवरा आय-७५१ वर सही करत नाही, कंडिशनल ग्रीन कार्डचं आता काय करायचं?

लिंबोणी

नमस्कार मंडळी, इथे मी नेहमी नुसती वाचते, पण आता विचारल्याशिवाय इलाज नाही म्हणून लिहितेय. मी न्यू जर्सीत असते. लग्न पुण्यात झालं, नवरा लहानपणापासून इथेच वाढलेला, सिटिझन आहे. मी इथे उतरले तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती म्हणून मला दोन वर्षांचंच कार्ड मिळालं, सीआर१ वालं. ते आता ऑक्टोबरमध्ये एक्स्पायर होतंय, आणि पक्कं कार्ड मिळवायला दोघांच्या सहीचा आय-७५१ फॉर्म भरावा लागतो.

हिवाळ्यापासून मी वेगळी राहतेय, एका मैत्रिणीकडे. हात उचलला असं कधी झालं नाही, पण माझा पगार कुठे जातो ते विचारायचं नाही, फोन तपासायचा, आईशी जास्त बोलले की घरात अबोला, माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपात, आणि प्रत्येक भांडणाचा शेवट एकच, तुझं कार्ड माझ्या हातात आहे. आता तो म्हणतो फॉर्मवर सही करणार नाही आणि यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) पत्र पाठवून तुझं कार्ड रद्द करायला लावतो. सासूबाई म्हणतात परत ये, मग तो सही करेल. माझी आईसुद्धा म्हणते कार्ड हातात पडेपर्यंत कसंतरी निभावून ने. डिव्होर्सची केस अजून टाकलेली नाही. त्याच्या सहीशिवाय काहीच होत नाही का? आणि तो खरंच कार्ड रद्द करू शकतो का? रात्र रात्र झोप नाहीये, प्लीज कुणाला माहिती असेल तर सांगा.

एडिसनकर

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण झोप त्याच्यामुळे उडालीय. नाही, नवरा तुमचं कार्ड रद्द करू शकत नाही. जॉइंट पिटिशनवर (दोघांनी मिळून भरायच्या आय-७५१ वर) सही न करणं किंवा केलेली सही मागे घेणं एवढंच त्याच्या हातात आहे. स्टेटस काढायचं की नाही हे यूएससीआयएस ठरवतं, आणि त्यांनी नाही म्हटलं तरी प्रकरण इमिग्रेशन जजसमोर जातं, तिथे तुम्हाला तुमची बाजू पुन्हा मांडता येते. तोपर्यंत तुम्ही कंडिशनल असलात तरी परमनंट रेसिडेंटच आहात, नोकरीचा आणि प्रवासाचा हक्क दहा वर्षांच्या कार्डवाल्याला आहे तोच तुम्हाला आहे.

ही दोन वर्षांची अट १९८६ च्या कायद्याने आली, खोट्या लग्नांना आळा घालायला. पण कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की खरी लग्नंसुद्धा मोडतात, म्हणून त्याच आय-७५१ फॉर्मवर एकट्याने भरायची सोय ठेवलीय, तिला वेव्हर म्हणतात. जोडीदार वारला असेल तर, लग्न खऱ्या मनाने केलं होतं पण डिव्होर्स झाला असेल तर, लग्नात मारहाण किंवा अतोनात छळ झाला असेल तर, आणि देशाबाहेर काढलं तर तुमचे अतिशय हाल होतील हे दाखवता आलं तर. एकापेक्षा जास्त कारणं लागू होत असतील तर फॉर्मवर तितक्या खुणा करता येतात.

जॉइंट फॉर्म कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांतच भरायचा असतो, आधी पाठवला तर परत येतो. वेव्हरला ही खिडकी लागू नाही, तो कधीही भरता येतो, कार्ड संपल्यानंतरसुद्धा. पण म्हणून बसून राहू नका. काहीच न भरता तारीख उलटली तर स्टेटस आपोआप संपतं आणि कोर्टाची नोटीस येऊ शकते, मग तेच काम दुप्पट ताणात करावं लागतं.

आता अडचणीची गोष्ट. डिव्होर्सच्या कारणावर वेव्हर मागायचा तर डिव्होर्स पूर्ण झालेला लागतो, नुसतं वेगळं राहणं चालत नाही. केस चालू असताना फॉर्म गेला तर साधारणपणे फायनल डिक्री (डिव्होर्सचा अंतिम निकाल) मागणारी नोटीस येते, आणि त्या मुदतीत डिक्री देता आली नाही तर नामंजूर. त्यामुळे केस आजच्या आज टाकायचा विचार करा. छळाच्या कारणाला मात्र डिव्होर्सची गरज नाही, लग्न कागदावर चालू असतानाही ते मागता येतं, आणि तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला वाटतं वकिलाला हे सगळ्यात आधी सांगा.

फी ७५० डॉलर आहे, एप्रिल २०२४ पासून. पैसे भरायच्या पद्धती बदलत असतात, पाठवायच्या दिवशी साइटवर बघूनच पाठवा, चुकीच्या पद्धतीने भरलेले पैसे म्हणजे सगळं पाकीट परत.

जुना_भिडू

माझं मत थोडं वेगळं आहे. जॉइंट फॉर्म झाला तर सगळ्यात सोपा, इंटरव्ह्यूसुद्धा बऱ्याचदा माफ होतो. दोन्ही घरच्या मोठ्यांना मध्ये घालून सही मिळवा, तेवढे दिवस त्याच घरी राहा, मग पुढचं पुढे.

रानजाई

@जुना_भिडू तुमचा हेतू चांगला असेल पण हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. वेगळे राहणाऱ्या नवराबायकोने जॉइंट फॉर्म भरणं बेकायदेशीर नाही, पण त्यात पत्ते लिहावे लागतात, खाली शपथेवर सही असते, आणि एकत्र राहत नसताना राहतो असं लिहिलं तर जे लग्न खरं होतं तेसुद्धा खोटं ठरायची पाळी येते. शिवाय सहीसाठी परत गेलेल्या बाईला त्या सहीची किंमत पुढची कित्येक वर्षं मोजावी लागते, जॉइंट केसचा निकाल यायला वर्ष दोन वर्षं सहज जातात आणि तो मधेच सही मागे घेऊ शकतो. मग परत जाऊन मिळवलं काय?

लिंबोणी, मी डिव्होर्स वेव्हरवर कार्ड मिळवलंय, म्हणून पुराव्यांबद्दल सांगते, कारण सगळे तिथेच घाबरतात. ऑफिसर हे बघत नाही की लग्न टिकलं का, तो हे बघतो की लग्न करताना तुमचा इरादा संसाराचा होता का. हे एकदा मनात पक्कं बसलं ना की काय गोळा करायचं ते आपोआप सुचतं. लग्नाच्या आधीपासून सुरू करा. ठरलं कसं, किती महिने बोलत होतात, ते मेसेज, साखरपुडा, लग्नाचे फोटो ज्यात दोन्हीकडचे नातेवाईक दिसतात, आलात त्या विमानाची तिकिटं. मग इथला संसार, लीजवर दोघांची नावं, वीज इंटरनेटची बिलं, जॉइंट अकाउंटची स्टेटमेंट्स (सुरुवातीपासून शेवटपर्यंतची, एकाच महिन्याचं नको), हेल्थ इन्शुरन्स, कारचा इन्शुरन्स, ४०१के (नोकरीतलं रिटायरमेंट खातं) मध्ये नॉमिनी म्हणून नाव, आणि एकत्र भरलेला टॅक्स. टॅक्सची ट्रान्स्क्रिप्ट आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) साइटवरून स्वतःच्या लॉगिनने फुकट मिळते, नवऱ्याला विचारावं लागत नाही.

आणि तुझ्याकडे यातलं अर्धंच असेल तर त्याने घाबरायचं कारण नाही. पैसे त्याच्या ताब्यात होते, अकाउंटवर तुझं नाव घातलंच नाही, असं असेल तर तेच स्पष्ट लिहायचं. पुरावा का नाही याचं खरं कारण हासुद्धा तुझ्या केसचा भाग आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी माझ्या निवेदनाला दिला. वकिलाने मसुदा दिला होता पण तो कुणाचाही वाटत होता, म्हणून मी मराठीत बसून सगळं लिहिलं, कसं भेटलो, काय आवडलं होतं, घर कसं लावलं, कुठून बिघडलं, आणि मग त्याचं इंग्रजी केलं. नवऱ्याला राक्षस केलं नाही आणि स्वतःला देवीही केलं नाही. चांगले दिवससुद्धा लिही गं, तेच तर दाखवायचंय की होते. दोघांना ओळखणाऱ्या निदान दोन माणसांची शपथपत्रं लाव, त्यांनी काय बघितलं ते त्यांच्या शब्दांत हवं, "छान जोडपं होतं" एवढ्याने काही होत नाही. मराठीतला कुठलाही कागद लावलास तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं सर्टिफिकेट लागतं.

लिंबोणी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. रानजाई ताई, तुमचं वाचून पहिल्यांदा वाटलं की काहीतरी माझ्याही हातात आहे. अजून थोडं विचारते. मारलं नाही तरी छळ धरतात का, की मी उगाच मोठं करतेय? डिव्होर्स पुण्यात करायचा की इथे? आणि डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे, तोपर्यंत कार्ड संपलेलं असेल, मी जाऊन परत येऊ शकते का? ऑफिसात काही सांगावं लागेल का?

पैलतीर

लिंबोणी, तू उगाच मोठं करत नाहीयेस. मी दक्षिण आशियाई बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत बरीच वर्षं स्वयंसेवक आहे, आणि तू लिहिलेली एकेक गोष्ट, कुलपातला पासपोर्ट, पगारावरचा ताबा, कार्डाची धमकी, हे आम्ही फार जणींकडून ऐकतो. कायद्यात शारीरिक मारहाण "किंवा" अतोनात क्रूरता असं आहे, मानसिक छळ त्यात बसू शकतो. तुझ्या केसमध्ये बसतो का ते वकील बघून सांगेल. कार्डाच्या धमक्या मेसेजमध्ये असतील तर स्क्रीनशॉट आजच काढून अशा ठिकाणी ठेव जिथे त्याचा पासवर्ड चालत नाही. ज्या मैत्रिणीकडे राहतेस तिने काय बघितलं ते तिला लिहून ठेवायला सांग. काउन्सेलरकडे जात असशील तर त्यांचं पत्र, डॉक्टरला झोप लागत नाही असं सांगितलं असेल तर ती नोंद, सगळं उपयोगी पडतं. आणि या कारणावर अर्ज केलास तर गुप्ततेचा कायदा आहे, तुझ्या अर्जाची माहिती यूएससीआयएस नवऱ्याला देऊ शकत नाही.

न्यू जर्सीत मानवी ही संस्था आहे, १९८५ पासून याच कामात, न्यूयॉर्कमध्ये सखी आहे. मराठीत नाही तरी हिंदीत मोकळेपणाने बोलता येतं. रात्री अपरात्री गरज पडली तर नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन १-८००-७९९-७२३३, दुभाषा मिळतो. वकिलाचे पैसे नसतील तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन कर. फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या टॅक्सवाल्या काकांकडे किंवा नोटरीकडे ही केस अजिबात द्यायची नाही, वकील किंवा जस्टिस डिपार्टमेंटची मान्यता असलेला प्रतिनिधीच हवा.

डिव्होर्सचं म्हणशील तर लग्न पुण्यात झालं म्हणून केस पुण्यातच टाकायला हवी असं काही नाही. दोघांपैकी एकजण वर्षभर न्यू जर्सीत राहत असला की इथे केस टाकता येते, आणि सहा महिने पटत नाही एवढं कारण पुरतं, कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. पण भारतात ती डिक्री मानली जावी असं वाटत असेल तर एक काळजी घे. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये नरसिंह राव केसमध्ये सांगितलंय की परदेशी डिक्री आपल्या कायद्यातल्या कारणावर नसेल तर ती तिथे चालत नाही, पण समोरच्याने स्वतःहून हजर राहून त्या कोर्टाचा निर्णय मान्य केला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नवरा वकिलामार्फत हजर होऊन संमतीने डिक्री झाली तर उत्तम. हे इथल्या वकिलाच्या नेहमी लक्षात येतंच असं नाही, तू स्वतः विचार.

एडिसनकर

राहिलेल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो. फॉर्म पोचला की आय-७९७ ची पावती येते, त्यावर कार्डची मुदत ४८ महिने वाढवल्याचं लिहिलेलं असतं. संपलेलं कार्ड आणि ती पावती दोन्ही मिळून चालू कार्ड समजलं जातं. डिसेंबरला जाताना मूळ पावती हँडबॅगेत ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, परत येताना मुंबईला चेक-इनवर कार्डची तारीख बघून अडवतात तेव्हा त्या कागदातलं वाढीव मुदतीचं वाक्य बोट ठेवून दाखवावं लागतं. पावती यायला उशीर झाला तर यूएससीआयएसच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून पासपोर्टवर आय-५५१ चा शिक्का (ग्रीन कार्डचा तात्पुरता पुरावा) मागता येतो. पावती किंवा शिक्का यातलं काहीही नसताना देशाबाहेर जाऊ नका, भावाचं लग्न असलं तरी. आणि पासपोर्ट अजून त्याच्याकडे असेल तर ते आधी सोडवा, तो देत नसेल तर वकिलाला सांगा.

ऑफिसात काही सांगायची गरज नाही. नोकरीला लागताना आय-९ (कामाचा हक्क तपासायचा फॉर्म) साठी ग्रीन कार्ड दाखवलं असेल तर ते संपलं म्हणून पुन्हा मागायचं नसतं, कंडिशनल कार्डलाही हाच नियम. ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करताना मात्र ती पावती लागेल.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. नवऱ्याने तुम्हाला आणताना आय-८६४ वर (तुमच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म) सही केलीय ना, ती जबाबदारी डिव्होर्सने संपत नाही. तुम्ही सिटिझन होईपर्यंत किंवा तुमच्या नावावर कामाचे ४० क्वार्टर (तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं) जमेपर्यंत ती साधारणपणे चालूच राहते. वकिलाला विचारून ठेवा. डिव्होर्सच्या कारणावर वेव्हर मिळाला तर सिटिझनशिपचा तीन वर्षांचा रस्ता बंद होईल, पाच वर्षांचा लागू होईल (छळाच्या कारणावर मिळाला तर तीन वर्षांचा खुला राहू शकतो), पण ती पाच वर्षं कार्डवरच्या "रेसिडेंट सिन्स" तारखेपासूनच मोजतात, कंडिशनलचा काळ वाया जात नाही.

मैत्रिणीकडे राहायला गेल्यावर पत्ता बदलल्याचं यूएससीआयएसला कळवलंय का? दहा दिवसांत कळवायचं असतं, ऑनलाइन होतं. नसेल तर आजच करा, नाहीतर सगळ्या नोटिसा त्याच्या पत्त्यावर जातील.

लिंबोणी

नाही कळवलेलं. आत्ता लगेच करते. मानवीला उद्या सकाळी फोन करतेय, वकिलाकडे जाऊन आले की इथे लिहीन.