शब्दचर्चा : वाळवंटातला मळा, मजलस आणि अमिराती पाहुणचार

विचारणा

संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन परिसरातल्या एका पारंपरिक शेतावर आमच्या मराठी वर्गातली मुले आणि भारतातून आलेले त्यांचे आजी-आजोबा यांना घेऊन जायचे आहे. त्यासाठी मराठीत माहितीपत्रक तयार करताना काही शब्दांपाशी मी अडले आहे. यजमान त्या जागेला कधी ‘इज्बा’ म्हणतात, कधी ‘मजरा’. इंग्रजी पत्रकात दोन्हींसाठी एकच शब्द आहे आणि मराठीत ‘वाळवंटी शेत’ असे लिहिले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. शिवाय ‘मजलिस’ला ‘दिवाणखाना’ म्हणावे का, ‘गहवा’ला सरळ ‘कॉफी’ म्हणावे का, आणि या साऱ्या आगतस्वागताला ‘आदरातिथ्य’ हा शब्द पुरेसा आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोडी कागदपत्रे वाचणाऱ्या एका सदस्याचा प्रतिसाद

आपण ज्या शब्दांना परके समजून मराठी प्रतिशब्द शोधत आहात, त्यांतले निम्मे शब्द मराठीच्या घरात केव्हाच येऊन राहिलेले आहेत, म्हणून आधी आपल्याच कोशात पाहावे असे मला वाटते.

‘मजरा’ हा त्यांतला पहिला शब्द. अरबीत ‘मजरआ’ म्हणजे जिथे पेरणी होते ती जागा. हाच शब्द आपल्या महसुली दप्तरात मूळ गावाला जोडलेल्या छोट्या वस्तीसाठी रूढ झाला आणि ‘मौजे’च्या शेजारी ‘मजरे’ लिहिले जाऊ लागले. चंदगड तालुक्यातल्या ‘मजरे कार्वे’ या गावाच्या नावात तो आजही आहे. आपल्याकडे अर्थ शेताकडून वस्तीकडे सरकला, तर अमिरातीत तो शेताशीच राहिला. त्यामुळे माहितीपत्रकात ‘मजरा’ हा शब्द तसाच ठेवायला हरकत नाही. मात्र पहिल्या उल्लेखात ‘म्हणजे खजुरीचा मळा’ एवढी जोड द्यावी. ‘शेत’पेक्षा ‘मळा’ हा शब्द अधिक नेमका आहे, कारण मराठीत मळा म्हटले की विहिरीचे किंवा पाटाचे पाणी आलेच, आणि वाळवंटात पाण्यावाचून मजरा असूच शकत नाही. ‘वाडी’ हा शब्द मात्र टाळावा. कोकणातल्या माणसाला नारळी-पोफळीच्या वाडीवरून तो सहज सुचेल, पण अमिरातीत ‘वादी’ म्हणजे पावसापुरती वाहणारी कोरडी नदी किंवा तिचे खोरे. दोन्ही शब्द एकाच पानावर आले तर वाचकाचा गोंधळ होईल.

‘इज्बा’ची गोष्ट वेगळी आहे. त्या शब्दाच्या धातूत दूर जाण्याचा, वस्तीपासून लांब असण्याचा अर्थ आहे. इजिप्तमध्ये तो जमीनदाराच्या शेतवाडीसाठी वापरतात, पण अमिरातीत इज्बा म्हणजे गावाबाहेर वाळूत, उंट आणि शेळ्यामेंढ्या राखण्यासाठी केलेले ठिकाण. तिथे कुंपण, चाऱ्याच्या गंजी, पाण्याची टाकी, राखणदारांची खोली आणि घरच्या मंडळींना संध्याकाळी येऊन बसता यावे म्हणून एखादा तंबू किंवा बैठकीची खोली असते. याला मराठीत सर्वांत जवळचा शब्द धनगरांचा ‘वाडा’ हा होय. पेशव्यांचा चौसोपी वाडा नव्हे, तर मेंढरे बसवण्यासाठी रानात उभा केलेला वाडा. फरक एवढाच की धनगराचा वाडा मुक्काम बदलतो आणि आजचा इज्बा बहुधा एका जागी असतो.

आता ‘मजलिस’. शिवकाळातल्या आणि त्याआधीच्या महजरांत (निवाडपत्रांत) निवाड्याला बसलेल्या लोकांची यादी ‘हाजीर मजालसी’ या शब्दांनी सुरू होते. म्हणजे मराठी माणसाला मजलस ठाऊक होती, आणि ती खोली म्हणून नव्हे, तर एकत्र बसलेली माणसे म्हणून. अमिराती वापरात दोन्ही अर्थ नांदतात. भिंतीलगत गाद्या आणि लोड मांडलेली जागा ही मजलिस, आणि तिथे बसून बातमी सांगणे, तंटा मिटवणे, लग्न ठरवणे, शोकाला येऊन बसणे हीदेखील मजलिसच. 2015 मध्ये संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार यांची मजलिस युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, तेव्हा तिची नोंद इमारत म्हणून नव्हे, सामाजिक प्रथा म्हणून झाली. दिवाणखाना रिकामा असला तरी दिवाणखानाच राहतो, म्हणून तो शब्द इथे अपुरा पडतो. ‘मजलस’ असेच लिहावे.

अल ऐनमध्ये दीर्घकाळ राहणाऱ्या एका सदस्याचा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. ‘गहवा’विषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या मंडळींची सर्वांत जास्त अडचण तिथेच होते.

मूळ शब्द ‘कहवा’, पण आखाती बोलीत ‘क’च्या जागी ‘ग’ येतो, म्हणून ‘गहवा’. त्याला ‘कॉफी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूध-साखरेचा कप येतो. गहवा फिकट सोनेरी किंवा तपकिरी असतो, त्यात साखर नसते आणि दूधही नसते. वेलदोडा भरपूर, आणि घरोघरच्या रीतीप्रमाणे केशर किंवा गुलाबपाणी असते. गोडव्यासाठी सोबत खजूर. मळ्यावर तो पाहुण्यांसमोर करून दाखवतात. बिया ज्या उथळ, लांब दांड्याच्या भांड्यात भाजतात त्याला तिथे ‘तावा’ म्हणतात, आणि त्याच्या शेजारी आपला ‘तवा’ ठेवून पाहिला की मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही. मग त्या बिया खलात कुटतात, उकळतात आणि लांब चोचीच्या ‘दल्ला’त ओततात. एका दिरहमच्या नाण्यावर जे भांडे कोरलेले आहे तेच हे दल्ला. वेलदोड्याला तिथे ‘हेल’ म्हणतात, आणि या शब्दाचे मूळ फारसीमार्गे संस्कृत ‘एला’पर्यंत नेले जाते. मलबारची वेलची समुद्रमार्गे अरबांकडे जात होती, तिच्याबरोबर तिचे नावही गेले असणार.

वाढण्याची रीत मात्र शब्दांइतकीच काळजीपूर्वक सांगावी. वाढणारा उभा राहतो, दल्ला डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने ‘फिंजान’ पुढे करतो. फिंजान म्हणजे बिनकानाची लहान पेली, आणि पाहुण्यानेही ती उजव्या हातानेच घ्यायची असते. आरंभ मानाच्या किंवा वयाने वडील असलेल्या पाहुण्यापासून होतो. पेली जेमतेम पाव भरतात. आपल्या आजीला हा कंजूषपणा वाटण्याचा संभव आहे, कारण आपल्याकडे काठोकाठ भरणे हेच मन मोठे असल्याचे लक्षण मानतात. तिथे भरलेली पेली म्हणजे ‘एवढे पिऊन निघा’ अशी सूचना समजली जाते. थोडे-थोडे पुन्हा ओतता यावे, पाहुण्याकडे पुन्हा-पुन्हा यावे, हा पाव पेलीमागचा हेतू आहे. पुरे झाले हे तोंडाने सांगायचे नसते. रिकामी पेली बोटांत धरून डावी-उजवीकडे किंचित हलवली की वाढणारा ती परत घेतो. न हलवता परत दिली तर ती पुन्हा भरून येणारच. एकही पेली न घेणे बरे दिसत नाही आणि तीनांपेक्षा जास्त घेण्याची पद्धत नाही.

बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांच्या, परंपरेत या पेल्यांना नावे आहेत. यजमान स्वतः चव पाहतो ती पहिली. त्यानंतरची ‘दैफ’, म्हणजे पाहुण्याची. पुढची ‘कैफ’, म्हणजे मन रमल्याची, आणि शेवटची ‘सैफ’, म्हणजे तलवारीची. ती जो पितो तो यजमानाच्या सुखदुःखात, अगदी शत्रूच्या हल्ल्यातही, त्याच्या बाजूने उभा राहतो असे मानले जाई. यातला ‘कैफ’ मराठीत येताना बराच बदलला. अरबीत त्याचा अर्थ प्रसन्न चित्तवृत्ती असा आहे, आपल्याकडे तो नशेकडे झुकला. ‘दैफ’च्याच धातूपासून ‘दियाफा’, म्हणजे पाहुण्याची व्यवस्था, आणि फारसीच्या उच्चाराने तीच ‘जियाफत’ होऊन मराठीत ‘ज्याफत’ बनली. आपण ज्याफत झोडतो तेव्हा त्यात जेवण तेवढे उरले आहे, पाहुणा मागे पडला आहे.

म्हणून ‘दियाफा’साठी माझे मत ‘पाहुणचार’ या शब्दाला आहे. ‘आदरातिथ्य’ आता हॉटेल व्यवसायाचा शब्द झाला आहे. पाहुणचारातला ‘चार’ म्हणजे आचार, आणि अमिराती दियाफा हा खराच एक आचार आहे, जो यजमानाने पाळायचा असतो तसा पाहुण्यानेही.

धुळे जिल्ह्यातल्या एका शेतकरी सदस्याचा प्रतिसाद

मळ्याचा विषय निघाला आणि पाण्याचा शब्द आला नाही, म्हणून लिहीत आहे. ‘फलज’ (अनेकवचन ‘अफलाज’) याला कालवा किंवा पाट म्हणणे पूर्ण बरोबर ठरत नाही. डोंगराच्या पायथ्याशी भूजल शोधून, तिथून जमिनीखालून अगदी हलक्या उताराचा बोगदा खणतात आणि कोणत्याही मोटेवाचून, पंपावाचून पाणी मैलोगणती चालत मळ्यात येते. उघड्यावर आल्यानंतरचा भाग तेवढा पाटासारखा दिसतो. अल ऐनजवळच्या हिली येथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा फलज उत्खननात मिळालेला आहे. अल ऐनची पुरातत्त्वस्थळे आणि मरूद्याने 2011 मध्ये जागतिक वारसा यादीत आली, आणि फलज बांधण्या-राखण्याचे ज्ञान 2020 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत. पुढे अमिरातीचे पहिले अध्यक्ष झालेले शेख झायेद यांनी 1946 पासून अल ऐनचा कारभार पाहताना जुने अफलाज साफ करवले आणि नवा फलज खणवला, हेही पत्रकात यावे.

‘फलज’च्या धातूत वाटे पाडण्याचा अर्थ आहे. पाणी कोणाला किती वेळ मिळणार याची वाटणी ठरलेली असते आणि ती पाहणाऱ्याला तिथे ‘अरीफ’ म्हणतात. आमच्या पांझरा खोऱ्यात फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी सामूहिकपणे वाटून घेण्याच्या रीतीत, हेच काम पाटकरी करतो. तेव्हा ‘अरीफ, म्हणजे फलजाचा पाटकरी’ आणि ‘पाण्याची पाळी’ हे शब्द बिनधास्त वापरावेत. छत्रपती संभाजीनगरकडच्या वाचकांना मलिक अंबरच्या नहरीची आठवण द्यावी. तिथेही जमिनीखालून पाणी आणलेले आहे.

विचारणा करणारीचा पुन्हा एक प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. खजुराच्या अवस्थांची नावे राहिली. यजमान ‘रुतब’ आणि ‘तमर’ म्हणतात, आणि आमच्याकडच्या एका आजींनी ‘यातली खारीक कोणती?’ असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

अल ऐनच्या सदस्याचे उत्तर

फळ पिवळे किंवा लाल, टणक आणि किंचित तुरट असते ते ‘बिस्र’. ते मऊ पडून अर्धवट रसरशीत झाले की ‘रुतब’. हा उन्हाळ्यातला मेवा. झाडावरच पूर्ण पिकून सुकला की ‘तमर’, आणि आपण ज्याला खजूर म्हणतो तो हाच. चिंचेला अरबीत ‘तमर हिंदी’ म्हणतात, त्यातला ‘तमर’ही हाच.

खारीक या क्रमात कुठे बसत नाही, कारण ती झाडावर तयार होत नाही. ओमानमध्ये ‘मब्सली’ जातीची फळे बिस्र अवस्थेतच उतरवून मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. हा माल पिढ्यानपिढ्या जहाजांनी भारतात येत राहिला. आपल्या आजींनी सुनेच्या ओटीत हळकुंड, सुपारी आणि बदामाबरोबर घातलेली खारीक बहुधा अशाच एखाद्या मळ्यातून आलेली असेल, हे त्यांना अवश्य सांगावे. तिथली माणसेही हे नाते विसरलेली नाहीत. 1966 पर्यंत अमिरातीच्या भागात रुपया चालत असे, आणि पंख्याला ‘बानका’, सरळ जायला ‘सीदा’ हे शब्द त्यांच्या बोलीत आजही ऐकू येतात.

एक सूचना उरली. भेटीच्या अखेरीस ‘मदखन’ नावाच्या धुपाटण्यात ऊद जाळून तो पाहुण्यांपुढे फिरवतात. ‘उदबत्ती’तला ऊद तो हाच. तिथे म्हण आहे : ‘मा बाद अल-ऊद गऊद’, म्हणजे ऊद फिरल्यावर बसायचे नसते. आपल्याकडे अत्तरगुलाब आणि पानसुपारी झाली की मंडळी उठतात, तसेच. मुलांना हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे यजमानांना अवघडल्यासारखे होणार नाही.

मोडी वाचणाऱ्या सदस्याची पुरवणी

लिंगाविषयी कोणी विचारले नाही, पण पत्रक छापायच्या आधी ते ठरवावे. मजलस स्त्रीलिंगी, तिला जुना आधार आहे. फलज, गहवा, मजरा, इज्बा आणि ऊद पुल्लिंगी. फिंजान आपण ‘पेली’च्या अर्थाने वापरत असलात तरी क्रियापद नपुंसकलिंगी ठेवावे, आणि दल्लाही भांडे म्हणून नपुंसकलिंगीच बरे : ‘दल्ला डाव्या हातात धरलेले होते’. ‘मजलिस’ आणि ‘मजलस’ यांपैकी कोणतेही एक रूप घ्यावे, पण ते पत्रकभर एकच असावे.