ग्रिनार्ड अभिक्रिया सुरू होत नसेल तर : एक पुरवणी

ग्रिनार्ड अभिक्रियेत ईथर या द्रावकात मॅग्नेशियम धातूचे तुकडे आणि ब्रोमोबेंझिनसारखे हॅलाइड (हॅलोजन असलेले संयुग) यांची अभिक्रिया घडवतात. ती सुरू होत नसल्यास ब्रोमोबेंझिन आणखी घालून फ्लास्क तापवावा, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. कारण हॅलाइड साचत जाते आणि मॅग्नेशियमवरील ऑक्साइडचा थर एकदा फुटला की सारे एकदम उसळते. ब्रोमोबेंझिनचा सुमारे दहावा भाग घालून थांबावे, आयोडीनचा एखादा स्फटिक धातूच्या तुकड्यांजवळच टाकावा आणि त्याचा रंग जाईपर्यंत ढवळू नये. तेवढ्याने भागले नाही, तर १,२-डायब्रोमोइथेनचे काही थेंब घालावेत. त्यातून इथिलीनचे बुडबुडे सुटतात आणि धातूचा पृष्ठभाग मोकळा होतो.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत मात्र एक वेगळीच फसगत होते. डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि आपल्याकडे पारा सहज चाळिशी ओलांडतो, त्यामुळे वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत ईथरला नुसत्या हवेच्या उष्णतेनेही उकळी फुटू शकते. ती अभिक्रियेची खूण नव्हे. धातूभोवती येणारा करडा गढूळपणा हीच भरवशाची खूण. ईथरची वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणणाऱ्या कंडेन्सरला गच्चीवरच्या टाकीचे तापलेले पाणी देणे तर व्यर्थच. तिथे बर्फाचे पाणी छोट्या पंपाने फिरवावे, किंवा ईथरऐवजी ६६ अंशांना उकळणारा टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक वापरावा.