मदत हवी आहे: ग्रॅव्हिटॉनचं (गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या गृहीत कणाचं) वस्तुमान शून्याकडे नेलं तरी उत्तर सामान्य सापेक्षतेशी का जुळत नाही?

फोटॉनला इवलंसं वस्तुमान देऊन ते शून्याकडे नेलं, तर वस्तुमानामुळे आलेलं तिसरं ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) सुटून जातं. विद्युतभार अक्षय्य असल्याने नेहमीचं विद्युतचुंबकत्व परत मिळतं. स्पिन 2 च्या ग्रॅव्हिटॉनचं तसं होत नाही. त्याच्या पाच ध्रुवीकरणांपैकी शून्य हेलिसिटीची (गतीच्या दिशेने स्पिनचा घटक शून्य असलेली) अवस्था ऊर्जा-संवेग टेन्सरच्या ट्रेसला (कर्णावरच्या घटकांच्या बेरजेला) चिकटून राहते आणि प्रोपगेटरमध्ये, म्हणजे कणाची देवाणघेवाण मांडणाऱ्या सूत्रात, 1/2 च्या जागी 1/3 येतो. न्यूटनचा नियम जुळवून घेतला की सूर्याच्या कडेला प्रकाशाचं वळण 1.75 ऐवजी 1.31 विकला (आर्कसेकंद) निघतं. निरीक्षणाशी हे उघड विसंगत!

भौतिकशास्त्रज्ञ वाइन्श्टाइन यांनी 1972 मध्ये समीकरणातल्या, वर वगळलेल्या अरेषीय पदांकडे बोट दाखवलं, तिथवर समजतं. अडतंय पुढे: त्यांच्या त्रिज्येतला (ज्या अंतराच्या आत ही अरेषीय पदं वरचढ ठरतात, त्यातला) एकपंचमांश घात नेमक्या कोणत्या घनपदातून (तिसऱ्या घाताच्या पदातून) येतो? कोणी पायरीपायरीने मांडून दाखवेल का?