वीस तारखेलाच पगार संपतो, हात आखडता कसा घ्यावा?

प्रतापनगरकर:
माझा पगार ४१,००० रुपये आहे. घरभाडे, वीजबिल आणि गावी पाठवायची रक्कम वजा जाता निम्मे पैसे हाती राहतात, तरीही वीस तारखेनंतर मी क्रेडिट कार्डावरच दिवस काढते. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला एअर फ्रायर दोनदा वापरून माळ्यावर गेला. त्याच्या खोक्याची चिकटपट्टीसुद्धा मी पुन्हा नीट लावून ठेवली आहे, जणू तो उद्या परतच करायचा आहे. कार्डाची थकबाकी २०,००० रुपये झाली असून मी दरमहा किमान रक्कम तेवढी भरते. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा सल्ला घरून रोजच मिळतो, तेव्हा तो वगळून, मोह होतो त्या क्षणी आपण नेमके काय करता ते सांगावे.

धंतोलीकर:
ताई, मी निवृत्त लेखापाल आहे, त्यामुळे मोहाआधी हिशेब मांडतो. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरले, आणि बऱ्याच कार्डांवर ते याच्या आसपास असते, तर २०,००० वर ७०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६ रुपये होतात. आपण किमान रक्कम म्हणून १,००० भरले, तर मुद्दल जेमतेम १७४ रुपयांनी उतरते. शिवाय मागील बाकी राहिली असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे आज घेतलेल्या दुधावरही आजपासूनच व्याज चढू लागते. आपली एखादी मुदत ठेव असेल, तर ती मोडून ही बाकी एकरकमी फेडावी. ठेवीवर वर्षाला मिळणारे व्याज कार्डाच्या दोन-तीन महिन्यांच्या व्याजाइतकेही नसते.

महालवासी:
मी एक तारखेला रोख रक्कम काढून स्टीलच्या डब्यांत वाटून ठेवते: किराणा, भाजी, औषधे आणि पाहुणे. किराणा महिन्यातून एकदाच नागपूरच्या इतवारीतल्या घाऊक बाजारातून भरते, तोही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे यादी लिहून. यादीत नसलेली वस्तू आवडली, तर ती पुढच्या महिन्याच्या यादीत लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात त्यातल्या निम्म्या वस्तू मीच खोडून टाकते. भाजीच्या डब्यात शेवटच्या आठवड्यात दहा-दहाच्या नोटा दिसू लागल्या, की सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीचाही भाव विचारावासा वाटतो. फोनवर पैसे देताना असे कधीच वाटत नाही.

मनीषनगर:
महालवासी काकूंशी मी पूर्ण सहमत नाही. प्रतापनगरहून इतवारीत जायचे तर पेट्रोल आणि अर्धा दिवस जातो, आणि स्वस्त मिळते म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त घेऊन येतो. नोकरी करणाऱ्याला डबे सांभाळणेही जमतेच असे नाही. मी यूपीआयला पगाराचे खाते जोडलेलेच नाही. दुसऱ्या एका खात्यात दर सोमवारी २,००० रुपये टाकतो आणि तेवढेच खाते फोनला जोडलेले आहे. पैसे संपले की व्यवहार अडतो, आणि बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानदारासमोर तसे एकदा झाले की पुढचे दोन आठवडे आपोआप शिस्त येते! खरेदीच्या सगळ्या ॲपमधून जतन केलेले कार्डही काढून टाकावे. सोळा आकडे हाताने भरावे लागले, तर रात्री अकराची खरेदी बहुधा सकाळवर जाते.

‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या, हप्त्यांपासूनही सावध राहावे. २४,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांत घेतला आणि बँकेचा दर १५ टक्के असला, तर दुकानदार सुमारे १,०१६ रुपयांची सूट देऊन व्याज भरून काढतो, पण त्या व्याजावरचा सुमारे १८३ रुपये जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते. एकरकमी पैसे दिल्यास मिळू शकणारी सूटही बहुधा हातची जाते, आणि तीच जास्त लागते.

प्रतापनगरकर:
सर्वांचे आभार. मुदत ठेव आजच मोडली आणि कार्डाची बाकी फेडली. एअर फ्रायर शेजारच्या काकूंनी १,८०० रुपयांना घेतला. सोमवारचे खाते उघडते आहे. मात्र मे महिन्यात नात्यातली तीन लग्ने आहेत. आहेराचा खर्च त्या २,००० मध्ये कसा बसवावा?

महालवासी:
त्यात बसवूच नये. आहेराचा डबा माझ्याकडे वेगळाच असून त्यात जानेवारीपासून दरमहा ५०० रुपये पडतात. आपल्याला उशीर झाला आहे, तेव्हा एअर फ्रायरचे १,८०० रुपये आजच त्यात टाकावेत.